सोळा बोल्टांचं झाकण

३ फेब्रुवारी

प्रिय अक्का,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर बघून दचकली असशील. चार वर्षं आपण मावसबहिणी एकमेकींशी बोललो नाही, आणि आता फोन न करता पत्र लिहितेय. फोनवर आपलं काय होतं ते तुलाही माहीत आहे. दोघी एकदम बोलतो आणि दोघी एकदम ठेवून देतो.

मागचं उकरायला लिहीत नाहीये. एक माहिती हवी आहे. तू बारा वर्षं त्या कॉर्नफ्लेक्सच्या कारखान्यात आहेस, यंत्रं साफ करणाऱ्या बायकांची मुकादम आहेस. आतलं तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? खोक्यावर घटकांची यादी असते. मका, साखर, मीठ, माल्ट. बदामाचं नाव नाही. मग त्या मालाला बदामाचा वाराही लागलेला नसतो, असं समजायचं का? काही जण खाली बारीक अक्षरात छापतात, 'बदाम, काजू यांचा अंश असू शकतो'. काही जण छापतच नाहीत. न छापणं म्हणजे 'नाही', की 'आम्ही काही बोलत नाही'?

आमची खारू सात वर्षांची झाली. पुढचे दोन दात पडले आणि नवे आले तेही खारीसारखेच. बदाम न चालणारी जगातली ही एकटीच खार असेल. खोकी स्वतः वाचते, एकेका शब्दावर बोट ठेवून. बाकी सगळं ठीक. मी अजून चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत भिंगं घासते. खारूचे बाबा बोटीवर आहेत, जूनमध्ये येतील.

उत्तर दे. जरा सविस्तर दे.

भिंगरी


१० फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत तीनदा वाचलं. शेजारची म्हणाली, "कोर्टाचं आहे का?" म्हटलं, त्याहून मोठं आहे.

लहानपणी अंगणात गरगर फिरायचीस म्हणून तुला भिंगरी म्हणायला लागलो. पुढे पोटासाठी भिंगंच घासशील हे तेव्हा कुणाला माहीत!

आता तुझा प्रश्न. आमच्याकडे एकाच यंत्रावर तीन प्रकार निघतात, साधे, कोकोचे आणि मध-बदामाचे. प्रकार बदलायचा झाला की यंत्र थांबवतो. पाणी मारत नाही, कारण पीठ भिजलं की त्याची खळ होते आणि ती सांधीकोपऱ्यात जाऊन बसते. आधी मोठ्या व्हॅक्यूमनं ओढून घेतो, मग ब्रशनं घासतो. बदामाचे ब्रश लाल, साध्याचे निळे. लाल ब्रश निळ्यांत दिसला तर मी घर डोक्यावर घेते. मग ओल्या बोळ्यानं यंत्र पुसून तो बोळा तपासतात, बदामाचा अंश आहे का म्हणून. तो कोरा आला तरी नव्या मालाची पहिली पंधरा मिनिटं आम्ही फेकून देतो. त्यानंतर कागदावर माझी सही होते आणि मगच पाकिटं भरायला लागतात.

तेव्हा निर्धास्त राहा. साध्याच्या खोक्यावर इशारा छापत नाही, कारण गरजच नाही. तुझा स्वभाव पहिल्यापासून काळजीचा. आकाशात ढग नसला तरी तू वाळत घातलेले कपडे आत आणणार. खारूला खुशाल दे. सोबत एक मोठं खोकं पाठवतेय, मावशीकडून.

तू लिहिलंस, याचं मला काय वाटलं ते लिहिता येत नाही.

तुझी अक्का


१९ फेब्रुवारी

प्रिय अक्का,

खोकं मिळालं. उघडलेलं नाही.

तुझं पत्र वाचून आधी तळपायाची आग मस्तकात गेली. मग लक्षात आलं, मी तुला खरं सांगितलंच नव्हतं. पहिलं पत्र मी रुग्णालयाच्या बाकावर बसून लिहिलं होतं. तुझ्यावर ठपका ठेवल्यासारखं होईल म्हणून गोल गोल विचारत बसले.

एक फेब्रुवारीला सकाळी खारूनं साधे कॉर्नफ्लेक्स खाल्ले. नवं खोकं होतं, तिनंच वाचून दाखवलं आणि मीही वाचलं. दूध रोजचंच. पाच-सहा चमचे झाले असतील. मी तिच्या वेण्या घालत होते. ती म्हणाली, "आई, माझा आवाज जाड झालाय." मला हसू आलं. सर्दी झाली असेल म्हटलं. मग मानेवर लाल चट्टे दिसले. ते वर चढत होते, अक्का, माझ्या डोळ्यांदेखत. कापडावर पाणी पसरतं तसे. मग खोकला सुरू झाला, आणि खोकल्याच्या मधे श्वास घेताना शिट्टी वाजायला लागली.

अ‍ॅड्रेनालिनचं पेन, म्हणजे तयार भरलेलं इंजेक्शन, घरात असतं. ते मांडीत टोचलं, अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. गाडीत त्यांनी दुसरं टोचलं.

आणि मग जे पाहिलं ते मला अजून कुणाला धड सांगता आलेलं नाही. करडे पडलेले ओठ आधी कडेनं गुलाबी झाले. मग गाल, मग कानाच्या पाळ्या. कुणीतरी आतून एकेका खोलीत दिवा लावत यावं तसं. पाच मिनिटांत पोर परत आली आणि म्हणाली, "माझी एकच वेणी झालीय."

दोन दिवस ठेवून घेतलं. डॉक्टरीणबाईंनी सगळं खोदून खोदून विचारलं आणि शेवटी बोट खोक्यावरच आलं. खोक्यावर तुमच्याच कारखान्याचा शिक्का आहे. वरच्या कडेला छापलेला नंबर खाली उतरवून देते आहे. खोकं जपून ठेवलंय.

मी दिवसभर धुळीच्या कणाशी भांडते. घासताना एक कण राहिला की भिंग वाया. पण डोळ्याला न दिसणाऱ्या कणानं माझं मूल असं लोळवावं? मला भांडायचं नाहीये. कण आत कुठून आला, तेवढं मला समजलं पाहिजे.

भिंगरी


८ मार्च

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र हातात घेऊन सरळ क्वालिटीच्या साहेबांच्या खोलीत गेले. ते चहा पीत होते. मी पत्र टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, "साहेब, ही माझी भाची आहे." त्यांनी वाचलं. कप तसाच राहिला.

प्रत्येक दिवसाच्या मालातली काही खोकी आम्ही वर्षभर जपून ठेवतो. तुझ्या नंबरची बारा होती, ती प्रयोगशाळेत पाठवली. सात कोरी निघाली, आठवं कोरं, नववंही. साहेब म्हणाले, "बघ, आपल्याकडचं नसणार." दहाव्यात बदाम सापडला. किती? एका बदामाचे हजार तुकडे करायचे आणि त्यातले चार-पाच उचलायचे. मी साहेबांना म्हटलं, एवढ्याशानं? ते म्हणाले, याच्याहून कमीनंही होतं काही जणांना.

दुसऱ्याच दिवशी साहेबांनी कारखाना बंद ठेवला आणि सफाईतल्या आम्ही तिघी यंत्र उघडायला बसलो. सकाळी सातपासून. माझी बारा वर्षं त्या यंत्राभोवती गेली, पण इतकं उघडं मी ते कधी पाहिलं नव्हतं. माणूसच उघडल्यासारखं वाटत होतं.

त्यात एक उभा पट्टा आहे. त्याला ओळीनं वाट्या लावलेल्या. रहाटासारख्या खाली माल भरून घेतात, वर नेऊन ओततात. पट्ट्याच्या मागे पत्र्याचं झाकण आहे, सोळा बोल्टांचं. ते काढलं. आत रबराची एक पट्टी कडेनं सुटली होती, नखाएवढी. पट्टीमागे बोट घातलं तर मऊ लागलं. बाहेर काढलं तेव्हा माझ्या बोटावर मधात कालवलेला बदामाचा भुगा होता. थरावर थर, झाडाच्या सालीसारखे. पट्टा फिरला की कधीतरी एखादा कण सुटायचा आणि खालून जाणाऱ्या एखाद्या वाटीत पडायचा. शेजारची शंभर खोकी कोरी, आणि एक तसं नाही. बोळा फिरवायचो तो पुढच्या बाजूनं, म्हणून तो कोराच यायचा.

भिंगरी, मी ते बोट उन्हात धरून बघत राहिले. किती वेळ कुणास ठाऊक. वजन नाही, वास नाही म्हटलं तरी चालेल. तेवढ्या ऐवजाकडे एक मूल उचलून नेण्याची ताकद होती. चार वर्षांपूर्वी त्या लग्नात तू ओरडून सांगत असताना मी खारूच्या तोंडात बदामाच्या केकचा तुकडा घातला होता. 'चिमूटभरानं काय होतंय' म्हणाले होते. तिचे डोळे सुजून बंद झाले, तरी मी मनात म्हणतच होते की ही आजकालची थेरं आहेत. आता माझ्या बोटावर चिमूटसुद्धा नव्हती.

चाळीस हजार खोकी परत मागवतायत. उद्यापासून दुकानांत कागद लागतील. तुझ्याकडचं खोकं न्यायला तपासनीस येईल, त्याला दे. मी पाठवलेलंही दे. ते मी का पाठवलं, याची मला रोज लाज वाटते.

तुझी अक्का


१७ मार्च

प्रिय अक्का,

कोपऱ्यावरच्या दुकानात गेले होते. जिथे तुमची खोकी असायची ती फळी रिकामी, आणि तिथे लाल चौकटीतला कागद. लोक थांबून वाचत होते. एक म्हातारे गृहस्थ कागदाला नाक टेकवून मोठ्यानं वाचत होते आणि मागे पाच-सहा जण ऐकत उभे. एक बाई वाचता वाचता खाली बसली. तिचा मुलगा अकरा वर्षांचा आहे, त्याला काजू चालत नाही, बदाम नाही. घरी हेच खोकं होतं, उद्या उघडणार होती. मी सांगितलं, हे कुणी शोधून काढलं ते मला माहीत आहे. माझ्या बहिणीनं. तिनं माझा हात धरला तो सोडेचना.

विचार कर अक्का. चाळीस हजार घरं. त्यातल्या किती घरांत असं एखादं लेकरू असेल? ती आज सकाळी उठली, शाळेत गेली, खेळली, आणि त्यांना तुझं नावही माहीत नाही. माझं डोकं त्या आकड्यापाशी चालायचंच थांबतं.

खारूनं वर्गात उभं राहून सांगितलं, "माझ्या मावशीनं अख्खा कारखाना थांबवला." बाई म्हणाल्या, कसा? तर ही म्हणे, "बोटानं."

घरात आता नवे नियम केलेत. नेहमीचं खोकं असलं तरी दर वेळी वाचायचं, कारण तेच खोकं ठेवून आतली कृती बदलतात. सुटं, डब्यातून मोजून मिळणारं काही घ्यायचं नाही, कारण एकच पळी सगळ्या डब्यांत फिरते. आणि शंका आली की कंपनीला फोन करून विचारायचं, यंत्र एकच आहे का? फोनवरची माणसं गोंधळतात. मी शांतपणे पुन्हा विचारते. हे तुझ्याकडून शिकले.

मागचं सगळं मी विसरले. तूही विसर.

तुझी भिंगरी


२४ मार्च

भिंगरी,

विसरू नकोस. आणि त्या बाईला पुन्हा भेटलीस तर माझं कौतुक सांगू नकोस.

सफाईच्या कागदावर सत्तावीस ओळी असतात. प्रत्येकीपुढे खूण करायची आणि शेवटी मुकादमाची सही. एकोणिसावी ओळ आहे, 'पट्ट्याची मागची बाजू, झाकण काढून'. ते झाकण काढायला पाऊण तास लागतो, लावायला पाऊण तास. नोव्हेंबरपासून मी ते काढलं नव्हतं. बोळा कोरा येत होता ना. खूण मात्र दर वेळी केली. तुझ्या नंबरचा माल निघाला त्या दिवशीचा कागदही माझ्याच हातचा आहे. सोळा बोल्ट आहेत हे मला मोजावं लागलं नव्हतं, पाठ होतं. म्हणूनच टाळत होते.

मागच्या पत्रात मी तुला सगळं सांगितलं आणि हे तेवढं वगळलं. साहेबांनाही सांगितलं नव्हतं. तुझं पत्र आलं, त्यात 'बोटानं' वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी कागदांची थप्पी घेऊन त्यांच्याकडे गेले. म्हटलं, ही सही खोटी आहे, ही पण, ही पण. मुकादमकी गेली. नोकरी राहिली. सगळ्यांत नव्या मुलीच्या हाताखाली निळा ब्रश घेऊन उभी असते. ती मला एकोणिसावी ओळ मोठ्यानं वाचायला लावते, ते बरोबरच आहे.

खारूला दोनदा माझ्यामुळे झालं. एकदा न ऐकल्यामुळे आणि एकदा न बघितल्यामुळे. तू लिहिलं नाहीस तरी मी समजून घेईन.

अक्का


२ मे

प्रिय अक्का,

सव्वा महिना लिहिलं नाही. आधी लिहिण्यासारखं काही सुचत नव्हतं. सुचलं ते टाकण्यासारखं नव्हतं. दोन पत्रं फाडली. रागानं मी एक दिवस तीन भिंगांना चरे पाडले. मालक म्हणाले, "बाई, घरी जा."

मग मला स्वतःचीच एक गोष्ट आठवली, जी मी तुझ्यापासूनच काय, खारूच्या बाबांपासूनही लपवली आहे.

त्या सकाळी पेन फडताळात होतं. चार पावलांवर. मी ते काढलं, टोपण काढलं, आणि थांबले. पेन एका हातात, आणि दुसऱ्या हातात मी खोकं घेतलं. पुन्हा वाचलं. मका, साखर, मीठ, माल्ट. दोनदा वाचलं, अक्का. मूल समोर शिट्टी वाजवत श्वास घेतंय आणि आई खोकं वाचतेय, कारण खोक्यावर नाही म्हणजे हे तेच असूच शकत नाही. डॉक्टरीणबाईंनी नंतर नेहमीचं सांगावं तसं सांगितलं, "पेन आधी. चुकून दिलं तर फारसं बिघडत नाही, उशिरा दिलं तर बिघडतं. खोकं नाही, मुलाकडे बघायचं." मी मान डोलावली. मी किती उशीर केला ते सांगितलं नाही.

मीही न बघता खूण केली, असं म्हण. तुझी चूक छोटी झाली असं मी म्हणत नाही. मोठीच आहे. पण तू थप्पी घेऊन गेलीस, आणि मी अजून गेले नव्हते. काल गेले. डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, असं सांगणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. मग मला बिनसुईचं खोटं पेन देऊन त्यांनी दहा वेळा सराव करायला लावला, खुर्चीच्या उशीवर.

आता कामाचं. खारूला अक्रोड चालतो का, ते पाहायचंय. रक्त आणि कातडीची तपासणी 'बहुतेक चालेल' म्हणते. 'बहुतेक'चं 'हो' करायचं तर रुग्णालयात बसवून, थोडं थोडं वाढवत, खाऊ घालूनच बघावं लागतं. चालला तर एका मेव्याची भीती तरी कमी होईल. अठरा मे, सकाळी साडेआठ. दोन मोठी माणसं लागतात आणि तिचे बाबा पाण्यावर आहेत.

तू ये. मला तिथे अशी माणसं हवी आहेत जी आता बघतात.

भिंगरी


२१ मे

प्रिय भिंगरी,

सुखरूप पोचले. खारूनं वाटेत खायला दिलेल्या सफरचंदाच्या पिशवीवर तिनं स्वतः चिकटवलेली चिठ्ठी होती, 'घटक: सफरचंद'. गाडीत शेजारच्या बाईंना दाखवली.

तुला एक सांगायचंय, ते तिथे जमलं नाही. पाचव्या तुकड्यानंतर तुला सहीसाठी खालच्या खिडकीवर बोलावलं. परत आलीस तेव्हा नर्सनं तुला सांगितलं, "घसा जरा खाजला म्हणाली, आम्ही तपासलं, वीस मिनिटं जास्त थांबू." तू मान हलवलीस. पण मधली सात मिनिटं माझ्याकडे आहेत, ती तुझी आहेत.

तू दाराबाहेर गेलीस आणि खारू म्हणाली, "अक्कामावशी, घशात काहीतरी होतंय."

मी लगेच नर्सला बोलवायचं बटण दाबलं. नर्स धावत आली, पेन हाताशी घेतलं, छातीला नळी लावली, मान पाहिली, पोट पाहिलं. मग म्हणाली, "आ कर." खारूनं आ केला. नर्सनं बॅटरी मारली आणि मला म्हणाली, "तुम्हीही बघा, म्हणजे घरी कळेल नेहमी कसं दिसतं."

मी वाकून पाहिलं. भिंगरी, मी बारा वर्षं नळ्या पाहिल्या, पट्टे पाहिले, फटी पाहिल्या. असं काही पाहिलं नव्हतं. ओलं, गुलाबी, चकचकीत. मधोमध तो एवढासा लोंबता थेंब, श्वासाबरोबर हलणारा. आणि त्याच्या मागे काळोखी वाट, माझ्या करंगळीएवढी असेल नसेल. मनात आलं, सगळं एवढ्यावरून येतं-जातं? हसणं, गाणं, शाळेतलं पाढे म्हणणं, तुला आई म्हणून हाक मारणं, रात्रंदिवस न थांबता चालणारा श्वास, सगळं या एका वाटेवरून? कुणी उभारली ही, आणि आपण एवढे बेफिकीर कसे असतो? मला देवळात उभं राहिल्यावर कधी झालं नाही ते तिथे झालं. माझे हात आपोआप जोडले गेले.

सूज नव्हती. चट्टा नव्हता. आवाज पातळ, खारीसारखाच. अक्रोडाचं तपकिरी साल कडू असतं, ते जिभेच्या मागे चिकटलं होतं, बस. पाणी पाजलं. आम्ही तिघी घड्याळाकडे बघत बसलो. मी तिच्या मनगटावर दोन बोटं ठेवली होती, ठोके मोजायला नाही, नुसती. ती सगळा वेळ माझ्याकडे बघत होती, मी घाबरलेय का ते तपासत असल्यासारखी. मी तिला खरं सांगितलं. म्हटलं, "हो. मी घाबरले होते."

तिनं थोडा विचार केला. मग पुन्हा मोठ्ठा आ केला, माझ्यासाठी, मी नीट बघावं म्हणून. बराच वेळ तसाच उघडा ठेवला. मी बघितलं. मग तिनं तोंड मिटलं आणि हात पुढे केला.

"आता पुढचा तुकडा दे."

तुझी अक्का